विमानाचे मिटलेले पाय

प्रवासी विमानाची छोटी प्रतिकृती हाताने घडविणाऱ्या हौशी मनुष्यापुढे, काम निम्म्यावर आले म्हणजे एक प्रश्न हटकून येऊन उभा राहतो. विमान जमिनीवर उभे दाखवावे, की आकाशात उडताना? उभे दाखवावयाचे असेल तर सुट्या भागांच्या संचात आलेली चाके, पाय व झडपा जागच्या जागी चिकटविल्या की काम संपले. उडताना दाखवावयाचे असेल तर मात्र तेच पाय मिटले पाहिजेत, पोटातील पोकळ्या झाकल्या पाहिजेत, आणि एका पितळी सळईवर ते सबंध विमान अधांतरी तोलले पाहिजे. पाहणाऱ्यास हा फरक क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. आमच्या मते या लहानशा फेरफारात विमानविद्येच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांची धडपड साठविलेली आहे; आणि ती ठाऊक नसेल तर हात कितीही कुशल असला तरी प्रतिकृती खोटी पडते. ती धडपड वाचकांपुढे ठेवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पाय ही उडणाऱ्या जिवाची मूळचीच अडचण होय. घार आकाशात घिरट्या घालते तेव्हा तिचे पाय पिसांत दडलेले असतात. बगळ्याचे पाय लांब पडले, म्हणून तो ते शेपटीच्या बाहेर मागे सरळ ताणून धरतो. पाय आहेत म्हणून पक्ष्यास जमीन मिळते, आणि ते आवरता येतात म्हणून आकाश मिळते. मनुष्याने पंख केले, पण पायांचे काय करावयाचे हे त्यास पुष्कळ दिवस उमगले नाही. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत किटी हॉकच्या वाळूत राइट बंधूंचे जे विमान उडाले, त्यास चाके नव्हतीच. खाली लाकडी घसरपट्ट्या होत्या. एका रुळावरून घरंगळणाऱ्या छोट्या गाड्यावर विमान ठेवलेले असे, आणि विमान वर उचलले की गाडा खाली राही. म्हणजे त्या पहिल्या उड्डाणातील चाक विमानाचे नव्हतेच. ते जमिनीचे होते, व जमिनीवरच राहिले.

ही युक्ती रूळ असेल तेथेच चालणारी. विमानास वाटेल त्या मैदानातून उठावयाचे असेल तर चाके बरोबर नेण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९०६ मध्ये पॅरिस येथे सांतोस-ड्युमाँ चाकांच्या विमानातून उडाला. १९०९ च्या जुलैत ब्लेरिओने इंग्लिश खाडी ओलांडली ती चाके लोंबकळत ठेवूनच. आपल्याकडे १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादेहून यमुनेपलीकडील नैनीस विमानाने टपाल गेले, त्या आंरी पेके याच्या विमानाचे पायही असेच उघडे होते. विमान ताशी पन्नास-साठ मैलांनी चाले तोवर या लोंबत्या पायांचे कोणासच काही वाटत नसे. तारा, खांब, दुहेरी पंख व उघड्यावर बसलेला वैमानिक, एवढ्या पसाऱ्यात चाकांचा हिशेब कोण करणार?

परंतु हवा हिशेब चुकत नाही. वेग दुप्पट झाला म्हणजे हवेचा विरोध दुप्पट न होता चौपट होतो, आणि त्यावर मात करण्यास लागणारी एंजिनाची शक्ती आठपट होते. ताशी ६० मैल वेगाने जाणाऱ्या विमानाच्या चाकास जो विरोध सोसावा लागतो, त्याच्या अकरापट विरोध तेच चाक ताशी २०० मैलांस सोसते. पुढे १९२९ मध्ये इंग्लंडातील शास्त्रज्ञ मेलव्हिल जोन्स यांनी, विमानाचा बाह्याकार सर्वस्वी नितळ झाला तर शक्तीची केवढी बचत होईल याचे गणित मांडून दाखविले, तेव्हा विमान बांधणाऱ्यांचे डोळे उघडले; त्यांची एंजिने निम्म्याहून अधिक शक्ती निव्वळ हवा ढवळण्यात घालवीत होती.

पायांपासून सुटका करून घेण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न मात्र याच्याही दहा वर्षे आधीचा, आणि तो अत्यंत सरळ होता. मे १९१९ मध्ये हॅरी हॉकर व मॅकेन्झी-ग्रीव्ह हे दोघे न्यू फाउंडलंडहून अटलांटिक महासागर ओलांडण्यास निघाले. विमान जमिनीवरून सुटताच हॉकरने आपली चाके सांगाड्यासकट खाली टाकून दिली. ओझे गेले, हवेचा विरोध कमी झाला. उतरण्याचे संकट आयर्लंड दिसेल तेव्हा पाहता येईल, असा त्याचा हिशेब. वाटेत एंजिनाचे पाणी तापू लागले, आणि जेथे चाकांचा असून काही उपयोग नव्हता अशा भर समुद्रातच त्यास उतरावे लागले. ‘मेरी’ नावाच्या एका डॅनिश जहाजाने दोघांस वाचविले. त्या जहाजावर बिनतारी यंत्र नसल्यामुळे सुमारे आठवडाभर जगाने त्यांस मृतच समजले होते. पुढल्याच महिन्यात अल्कॉक व ब्राउन हे चाके न टाकता महासागर ओलांडून गेले, आणि आयर्लंडमधील दलदलीत त्यांच्या विमानाने चाके रुतून नाक खुपसले! दैवाचा हा विनोद क्षणभर बाजूस ठेवला तरी एक गोष्ट स्पष्ट होते. पाय टाकून देणे हा काही मार्ग नव्हे. जो उडतो त्यास उतरावयाचे असतेच.

तेव्हा पाय टाकावयाचे नाहीत, मिटावयाचे. १९२० मध्ये डेटन-राइट कंपनीच्या शर्यती विमानात वैमानिकाने हाताने दांडा फिरवून चाके पोटाच्या बाजूंस ओढून घेण्याची सोय होती. फ्रान्समधील गॉर्डन बेनेट शर्यतीत ते उतरले खरे. पण दुसऱ्याच एका बिघाडामुळे त्यास शर्यत सोडावी लागली. १९२४ मध्ये पंखांत चाके मिटणाऱ्या व्हर्व्हिल-स्पेरी विमानाने अमेरिकेतील पुलिट्झर शर्यत जिंकली. तरीही प्रवासी विमाने बांधणाऱ्यांचे मन वळेना, आणि त्यांचे आक्षेप अगदीच टाकाऊ होते असे म्हणता येणार नाही. पाय मिटण्याचे यंत्र जड. ते बिघडले तर माणसे मरणार. पंखात खोबण केली की पंख दुबळा होणार. मग हे सर्व लोढणे कशासाठी गळ्यात बांधून घ्यावयाचे? त्यापेक्षा पायांवर मासोळीच्या आकाराचे निमुळते आवरण चढवावे हे सोपे. या आवरणांस विलायती कारागीर ‘विजारी’ म्हणत. जॅक नॉर्थ्रॉपसारख्या श्रेष्ठ कल्पकानेही काही वर्षे या विजारींचाच पक्ष घेतला होता.

इंग्रजांची इंपीरिअल एअरवेज कंपनी तर या वादात पडलीच नाही. १९३१ पासून पूर्वेकडील मार्गावर फिरणारी तिची हँडली पेज विमाने म्हणजे चार एंजिनांचे, दुहेरी पंखांचे, खाली भक्कम चाके लोंबकळणारे हवेतील वाडेच होते. वेग ताशी सुमारे १०० मैल. आत मात्र आरामखुर्च्या आणि जेवणाचा थाट. आपल्या मुंबईचीही त्या वेळची स्थिती निराळी नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले, ते ‘पस मॉथ’ जातीचे लहानसे एका एंजिनाचे विमान. त्याचे पाय बांधलेले, न मिटणारे. त्याच्या कर्त्याने मात्र त्या पायांच्या विरोधाचाच उपयोग करून घेतला होता. पायावरील निमुळते आवरण काटकोनात फिरविता येई. फिरविले की हवा त्यावर आडवी आदळे, आणि उतरताना विमानास आयताच लगाम बसे. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई व टपालविमाने पुण्यास येरवड्याच्या मैदानावर न्यावी लागत. अशा चिखलातल्या संसारास साधे, दणकट पायच शोभत होते.

तिकडे अमेरिकेत मात्र याच सुमारास वारे फिरले होते. १९३१ मध्ये निघालेले लॉकहीड कंपनीचे ‘ओरायन’ हे पाय पुरते मिटून घेणारे पहिले प्रवासी विमान. ते ताशी २०० मैलांच्या आसपास चाले, आणि त्या काळची कित्येक लढाऊ विमानेही त्याच्या मागे पडत. स्वित्झर्लंडच्या स्विसएअर कंपनीने १९३२ मध्ये ही विमाने झुरिच-म्यूनिच-व्हिएन्ना मार्गावर घातली, तेव्हा युरोपातील कारखानदार खडबडून जागे झाले. १९३३ च्या फेब्रुवारीत बोईंगचे २४७ उडाले, जुलैत डग्लसचे डी.सी.-१, १९३४ मध्ये डी.सी.-२ आणि १७ डिसेंबर १९३५ रोजी, राइट बंधूंच्या उड्डाणास बरोबर बत्तीस वर्षे झाली त्या दिवशी, डी.सी.-३, म्हणजे आपणांस ‘डाकोटा’ या नावाने परिचित असलेले विमान. डग्लसच्या या विमानांचा आकार कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात छोटी प्रतिकृती टांगून ठरविला गेला होता. प्रतिकृती ही केवळ कपाटाची शोभा नव्हे. खऱ्या विमानाच्या आधी ती वाऱ्यात उभी राहिलेली असते.

लोकांची खात्री मात्र बोगद्यातील आकड्यांनी पटली नाही. ती पटली एका शर्यतीने. २० ऑक्टोबर १९३४ रोजी इंग्लंडातील मिल्डनहॉलहून मेलबर्नपर्यंतची शर्यत सुरू झाली. वाटेत बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर, डार्विन व चार्लव्हिल येथे थांबणे सक्तीचे होते. द हॅविलँड कंपनीच्या तांबड्या ‘कॉमेट’ने ७१ तासांच्या आत पल्ला गाठून पहिला क्रमांक मिळविला, हे तर शर्यतीसाठीच बांधलेले विमान, त्यात नवल ते काय! नवल पुढेच होते. दुसरे आले ते डच के.एल.एम. कंपनीचे डी.सी.-२, टपाल व तीन उतारू घेऊन निघालेले, नेहमीचे प्रवासी विमान. आणि तिसरे आले ते बोईंग २४७, तेही प्रवासीच. पहिल्या तिन्ही विमानांत एक गोष्ट समान होती. तिन्हींचे पाय उडताना मिटत असत.

त्या डच विमानाचे नाव ‘अउव्हर’, म्हणजे करकोचा. खरा करकोचा उडताना आपले लांब पाय मागे लोंबते ठेवतो. या करकोच्याने ते पोटाशी घेतले होते. अखेरच्या टप्प्यात रात्री वादळाने वाट चुकून तो ऑस्ट्रेलियातील अल्बरी गावावर घिरट्या घालू लागला, तेव्हा गावकऱ्यांनी आपापल्या मोटारी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाभोवती आणून दिवे पेटविले, आणि त्या उजेडात विमान खाली उतरले. सकाळी पाहतात तो चाके चिखलात रुतलेली! शेकडो माणसांनी दोर लावून विमान ओढून काढले, तेव्हा कोठे ते पुन्हा उडाले. जे पाय आकाशात पोटाशी घेतले म्हणून ते विमान इतक्या लवकर तेथवर पोहोचले, तेच पाय वेळेवर बाहेर आले म्हणून त्यातील माणसे वाचली. या विद्येचा सारा अर्थ त्या एका रात्रीत आला आहे.

यानंतर वाद उरला नाही. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत मोठे प्रवासी विमान म्हणजे पाय मिटणारे विमान, हे समीकरण ठरून गेले. ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा नाकाखालचा तो लांब, बगळ्यासारखा पाय मुंबईकरांच्या देखत पोटात गेला. जुहूच्या पस मॉथपासून येथवर अवघी सोळा वर्षे!

परंतु प्रत्येक लाभ आपली किंमत घेऊनच येतो. उघडा पाय वैमानिकास खिडकीतून दिसे. मिटलेला पाय बाहेर आला की नाही हे त्यास दिसत नाही. १९३६ च्या ‘ॲन्सन’ विमानात दांड्याचे दीडशेच्या घरात फेरे फिरवावे तेव्हा चाके वर जात. तेथे निदान हाताला तरी कळे. पुढे तेलाच्या दाबाने व विजेने हे काम होऊ लागले, आणि पायांची साक्ष देण्याचे काम काही हिरव्या दिव्यांकडे आले. २९ डिसेंबर १९७२ रोजी न्यूयॉर्कहून मायामीस आलेल्या ईस्टर्न कंपनीच्या लॉकहीड ट्रायस्टार विमानात नाकाखालच्या चाकाचा दिवा लागला नाही. विमान पुन्हा वर नेऊन यंत्रावर सोपविण्यात आले, आणि वैमानिकांपासून तंत्रज्ञापर्यंत सर्वांचे चित्त त्या दिव्यात गुंतले. एक जण तर चाक डोळ्यांनी पाहावे म्हणून खालच्या कप्प्यात उतरला. तेवढ्यात यंत्राचा ताबा नकळत सुटून विमान काळोखात हळूहळू खाली येत होते. ते फ्लॉरिडाच्या दलदलीत आदळले. आतील १७६ माणसांपैकी १०१ प्राणांस मुकली. चाक केव्हाच बाहेर आलेले होते. गेला होता तो फक्त दिवा. सर्वांनी एकाच बिघाडाकडे पाहू नये, एकाने तरी विमान चालवीत राहावे, हा आज प्रत्येक वैमानिकास पढविला जाणारा धडा अशा अपघातांनी शिकविलेला आहे.

आता त्या हौशी कारागिराकडे वळू. पाय मिटावयाचे म्हणजे ते सर्वच विमानांचे सारखे मिटतात, असे समजून चालत नाही. डाकोटाची चाके एंजिनाच्या कवचात पुढच्या बाजूने वर जातात, पण पुरती झाकली जात नाहीत. अर्धे चाक बाहेर डोकावत राहते, आणि कधी पाय अडकलेच तर तेवढ्यावर घसरून विमानाचे पोट बरेचसे वाचते. शेपटीचे चाक तर मिटतच नाही. अशा डाकोटाचा खालचा भाग जर कोणी गुळगुळीत बंद केला, तर ते काम सुबक होईल, पण खरे होणार नाही. १९६७ मध्ये प्रथम उडालेल्या बोईंग ७३७ च्या मुख्य चाकांवर झडपाच नाहीत. मिटलेल्या चाकांच्या बाहेरच्या बाजू उडतानाही पोटाशी उघड्या दिसतात. तेथे झडप लावणे म्हणजे कर्त्याने न केलेली गोष्ट त्याच्या माथी मारणे होय. उलट बोईंग ७४७ ची सोळा मुख्य चाके व नाकाखालची दोन, अशी अठराच्या अठरा चाके पोटात अदृश्य होतात.

कोणास वाटेल, पाय बाहेर ठेवून, विमान उतरण्याच्या बेतात आहे असे दाखविले म्हणजे हा सारा खटाटोप टळेल. तो टळत नाही, वाढतो. संचातील पाय जमिनीवर उभ्या विमानाचे असतात. त्यांतील दट्ट्या विमानाच्या भाराने आत दबलेला दाखविलेला असतो. हवेत भार सुटला की दट्ट्या बाहेर येतो व पाय लांब होतो. म्हणून प्रतिकृतीचा पायही तेवढा लांबवावा लागतो. शिवाय चार चाकांची जोडणी हवेत सपाट राहत नाही. बोईंग ७५७ व ७६७ ही बरोबरीने घडलेली भावंडे. पण पहिल्याची मागची चाके खाली झुकतात, तर दुसऱ्याची पुढची. हवेत लोंबणाऱ्या पायांखाली सपाट चाके पाहिली की जाणत्यास ते चित्र लगेच खटकते.

मिटण्याची रीत अशी. संचातील झडपा उघड्या चिकटविण्यासाठी दिलेल्या असतात. त्या पोकळीत नीट बसत नाहीत, कोठे सैल पडतात, कोठे जाड होतात. म्हणून पोकळीच्या कडेस आतून प्लॅस्टिकच्या बारीक पट्ट्या चिकटवाव्या, झडपांच्या कडा कानशीने घासून त्या पट्ट्यांवर टेकवाव्या, फटी लांबीने भराव्या, आणि ती सुकल्यावर ओल्या काचकागदाने पृष्ठभाग एकजीव करावा. सळईचे भोक गुरुत्वमध्याजवळ पाडावे. विमान आतून तेथे बळकट करून घ्यावे. विमान शेपटीवर बसू नये म्हणून जमिनीवरच्या प्रतिकृतीच्या नाकात जे वजन भरावे लागते, त्याची येथे गरज नाही. पंखांच्या मागच्या कडेची उतरण्याची पाती पूर्ण मिटलेली ठेवावी.

मग शेवटचे काम, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. पोट असे नितळ झाल्यावर, जेथे झडपांच्या कडा होत्या तेथे सुईच्या टोकाने पुन्हा बारीक रेघ कोरावी. पुष्कळ कारागीर हे काम टाळतात. इतक्या कष्टाने बुजविलेली फट पुन्हा कशास दाखवावी, असे त्यांस वाटते. परंतु खऱ्या विमानाच्या पोटावर ती रेघ असते. हॉकरच्या विमानाने चाके टाकली तेव्हा मागे काहीच उरले नव्हते. अल्बरीच्या रात्री जे विमान उतरले त्याच्या कवचात पाय शाबूत होते. ही रेघ या दोहोंतील भेद सांगते. प्रतिकृती सळईवर कायमची उडत राहील, तिला कधी उतरावयाचे नाही. पण ती ज्याची प्रतिकृती आहे त्या विमानात माणसे बसलेली असतात, आणि खाली कोणीतरी त्यांची वाट पाहत असते. पोटावरची ती केसाएवढी रेघ पुसून टाकण्याचा अधिकार कारागिरास नाही.